सोमवारची छाती

दिवाळी उलटली की एरंडोलहून जळगावच्या वाटेला लागलेल्या माणसाला कापूस भेटल्याशिवाय राहत नाही. शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या पुढे चाललेल्या असतात आणि रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकलेले असतात. अमेरिकेतल्या 1861 ते 1865 च्या यादवीत इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, तेव्हापासून खानदेशचे नशीब या पिकाशी बांधले गेले. पुढे जळगाव, अमळनेर, धुळे इथे गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांचे भोंगे थांबले. जिनिंग-प्रेसिंग मात्र हंगामात आजही चालते.

जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी करतात. कापसाबरोबर आलेली वाळकी पाने आणि बोंडाची टरफले यंत्रात भुगा होऊन हवेत तरंगतात. डोळ्यांना दिसणारे तूस नाकातच अडकते, शिंकेसरशी बाहेर पडते. घात करते ती न दिसणारी बारीक धूळ. तोंडाला गुंडाळलेला रुमाल तिला अडवत नाही. झाडावर वाढलेल्या जिवाणूंचे एंडोटॉक्सिन नावाचे विष या धुळीबरोबर फुप्फुसात उतरते आणि श्वासनलिका आवळल्या जातात. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात.

त्याची खूण मोठी चमत्कारिक आहे. आठवड्याच्या सुट्टीनंतर माणूस कामावर येतो, दुपारपर्यंत छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटू लागते, खोकला येतो, दम लागतो. दुसऱ्या दिवशी बरे वाटते. म्हणजे जो दिवस विश्रांतीनंतर सर्वात ताजातवाना जायला हवा, तोच सर्वात जड जातो! सुट्टी रविवारी असेल तर हा सोमवारचा त्रास. घरचे म्हणतात, ‘सुट्टीत अंग सुस्तावले.’ सुरुवातीला धुळीपासून दूर गेले की छाती मोकळी होते. पण वर्षानुवर्षे तेच चालले तर त्रास आठवडाभर राहू लागतो, आणि शेवटी काम सोडले तरी दम जात नाही. बिडी ओढणाऱ्याचे हाल तर दुप्पट.

सूतगिरणीच्या पिंजण खात्याइतका हा आजार जिनिंगमध्ये आढळत नाही, हेही सांगायला हवे. इथला हंगाम काही महिन्यांचाच असतो. पण म्हणूनच तो निसटतो. हंगामी मजूर खोकत दवाखान्यात जातो, तेव्हा आधी क्षयाची शंका येते, मग बिडीवर बोट जाते. छातीच्या फोटोत या आजाराची खास अशी खूण दिसत नाही. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीआधी आणि पाळीनंतर फुंकर मारण्याच्या यंत्रावर श्वासाचा जोर मोजला, तर फरक कळतो. पण त्यासाठी आधी कोणीतरी विचारायला हवे. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने 1700 साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला नेहमीच्या प्रश्नांबरोबर ‘तू काम काय करतोस?’ हेही विचारा, असे त्याने वैद्यांना बजावले. जवस आणि भांग यांचे धागे पिंजणाऱ्यांच्या खोकल्याचीही त्याने नोंद केली होती. तीनशे वर्षे झाली. आपल्याकडच्या गर्दीच्या दवाखान्यांत या प्रश्नाला अजून सवड सापडत नाही.

धूळ उगमापाशीच ओढून घेणारे पंखे आणि झाडूऐवजी ओढ यंत्राने सफाई, हे उपाय जुनेच आहेत. त्यांना लागतो तो मालकाचा पैसा. कामगार नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्याच्या यादीत कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग नोंदवला गेला. मात्र भरपाई मागणाऱ्याला त्या धुळीत किती काळ काम केले हे दाखवावे लागते. दर हंगामाला जिन बदलणाऱ्या, ठेकेदाराकडून रोख मजुरी घेणाऱ्या बाईने ते कोणत्या कागदावर दाखवायचे? हजेरीची चिठ्ठी मिळत असेल तर जपून ठेवावी, एवढे तरी हातात आहे.

आणि कापूस केवळ जिनमध्येच असतो असे नाही. 2021-22 च्या हंगामात क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला भाव पुढच्या वर्षी खाली आला. तेव्हा शेतकऱ्यांनी भाववाढीच्या आशेने महिनोन्‌महिने कापूस घरात साठवला. उन्हाळ्यापर्यंत घरातल्या माणसांच्या अंगाला खाज सुटली, पुरळ उठले. हा बिसिनोसिस नव्हे. साठवलेल्या कापसातल्या किडीचा आणि कचऱ्याचा हा त्रास. कापूस वाळवून, झाकून, निजण्याच्या जागेपासून दूर ठेवावा, असा सल्ला देता येतो. दोन खणांच्या घरात मात्र गंजीला टेकूनच अंथरुणे पडतात.