बालकांच्या झोपेतील व्यत्यय

जन्मापासून सुमारे तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या झोपेची बसलेली घडी काही कारणाने तात्पुरती विस्कटते, त्यास बालकांच्या झोपेतील व्यत्यय असे म्हणतात. प्रवास, घर बदलणे, आजारपण, आईचे कामावर परतणे आणि वाढीचे नवे टप्पे ही त्याची प्रमुख कारणे होत. असे व्यत्यय बहुतेक मुलांच्या वाट्याला येतात आणि सामान्यतः काही दिवसांत ते काही आठवड्यांत ओसरतात. मात्र या काळात मूल अनोळखी जागी किंवा सवय नसलेल्या पद्धतीने झोपवले जाते आणि सांभाळणारी माणसेही थकलेली असतात. त्यामुळे मुलाला झोपवण्याच्या उपायांइतकाच त्या झोपेच्या सुरक्षिततेचा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

झोपेची जडणघडण

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, दिवसातील डुलक्या धरून, ० ते ३ महिने वयाच्या बाळांना २४ तासांत १४ ते १७ तास, ४ ते ११ महिन्यांच्या बाळांना १२ ते १६ तास आणि १ ते २ वर्षांच्या मुलांना ११ ते १४ तास झोप आवश्यक असते.

स्विस संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडलेल्या प्रतिमानानुसार झोपेचे नियमन दोन प्रक्रियांनी होते. पहिली म्हणजे जागेपणी साठत जाणारी झोपेची निकड, तर दुसरी म्हणजे मेंदूतील जैविक घड्याळ. नवजात बाळात हे घड्याळ पुरते कार्यान्वित झालेले नसते. त्यामुळे त्याची झोप दिवस-रात्रीत सारखीच विखुरलेली असते. साधारणपणे दोन ते तीन महिन्यांच्या सुमारास मेलाटोनिन या संप्रेरकाच्या स्रावाला दिवस-रात्रीची लय येऊ लागते आणि रात्रीची झोप लांबते. लहान मुलांच्या शरीरात झोपेची निकड मोठ्यांपेक्षा लवकर साठते. डुलकी चुकलेले मूल संध्याकाळी शांतपणे झोपी जाण्याऐवजी किरकिरे होते, ते याच कारणाने.

बाळाचे झोपेचे एक चक्र सुमारे ५० ते ६० मिनिटांचे असते; प्रौढांत ते सुमारे ९० मिनिटांचे असते. दोन चक्रांच्या मध्ये क्षणभर जाग येणे स्वाभाविक आहे. अमेरिकी बालमानसोपचारतज्ज्ञ थॉमस अँडर्स यांनी १९७० च्या दशकात घरोघरी रात्रीचे चित्रीकरण करून अभ्यास केला. त्यातून असे दिसले की, ‘रात्रभर झोपणारी’ म्हणून ओळखली जाणारी बाळेही रात्री जागी होतात. फक्त ती न रडता पुन्हा झोपी जातात. झोप लागताना बाळाला जी परिस्थिती परिचित असते, तीच मध्यरात्री जाग आल्यावर भोवती असेल तर पुन्हा झोपणे सोपे जाते. परिस्थिती बदलली की बाळ मोठ्यांना हाक देते. बहुतेक व्यत्ययांचे मूळ येथे सापडते.

व्यत्ययाची कारणे

वाढीचे टप्पे : पालथे पडणे, रांगणे, उभे राहणे यांसारखी कौशल्ये शिकताना बाळ झोपेतून उठूनही त्यांचा सराव करू लागते. सुमारे आठव्या महिन्यापासून, नजरेआड गेलेली व्यक्ती अस्तित्वात असते हे बाळाला उमगू लागते आणि त्याबरोबर आई किंवा सांभाळणाऱ्या व्यक्तीपासून दूर होण्याची भीतीही वाढते. दिवसातील डुलक्या सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान तीनवरून दोनवर आणि साधारण सव्वा ते दीड वर्षाच्या सुमारास दोनवरून एकावर येतात. हे संक्रमण होत असताना काही आठवडे झोप अनियमित राहू शकते.

घर व माणसे बदलणे : महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांत पहिले बाळंतपण माहेरी होते आणि काही महिन्यांनी बाळ-बाळंतीण सासरी येतात. बाळाला दिवस-रात्रीची लय सापडू लागते, नेमक्या त्याच सुमारास त्याची खोली, आवाज, अंघोळ घालणारे हात आणि झोपवणारी माणसे बदलतात. ऊसतोडणीच्या हंगामात स्थलांतर करणाऱ्या मजुरांच्या मुलांना तर दरवर्षी काही महिने मुक्कामाची जागा बदलावी लागते.

आईचे कामावर परतणे : २०१७ च्या कायदेशीर सुधारणेपासून भारतात पात्र स्त्रियांना पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. ही रजा संपण्याच्या सुमारास बाळ आजी-आजोबा किंवा पाळणाघर यांच्याकडे राहू लागते. दिवसभराच्या दुराव्यानंतर रात्री वारंवार जाग येणे, अंगावर पिण्यासाठी उठणे असे प्रकार दिसतात.

दूरचा प्रवास : मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्या वेळेत ऋतुमानानुसार साडेनऊ ते साडेदहा तासांचा फरक असतो. जैविक घड्याळ इतका फरक एका दिवसात भरून काढू शकत नाही. मोठ्यांप्रमाणे मुलांनाही त्यासाठी बरेच दिवस लागतात. पूर्वेकडील प्रवासानंतर जुळवून घेणे सहसा अधिक कठीण जाते.

सणसमारंभ व गोंगाट : लग्नघर, उत्सव आणि पाहुण्यांची वर्दळ यांमुळे झोपेची वेळ लांबते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी ध्वनिक्षेपक वाजवण्यास मनाई आहे. मात्र राज्य शासनाला वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते.

घडी पुन्हा बसवणे

जागा आणि माणसे बदलली तरी झोपण्यापूर्वीच्या कृतींचा क्रम कायम ठेवता येतो. जोडी मिंडेल व सहकाऱ्यांनी २००९ साली ४०५ माता व त्यांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात अंघोळ, मालिश आणि त्यानंतर अंगाईसारखी शांत कृती असा ठरलेला क्रम पाळल्यावर दोन आठवड्यांत मुले लवकर झोपी जाऊ लागली व रात्रीची जागही कमी झाली. क्रम कोणता, यापेक्षा तो रोज तोच असणे महत्त्वाचे असते. असा क्रम आजी, वडील किंवा पाळणाघरातील ताई यांनाही पाळता येतो. म्हणून नियोजित बदलाच्या काही दिवस आधीपासून नव्या व्यक्तीने बाळाला झोपवण्यास सुरुवात करणे उपयुक्त ठरते.

सकाळी उठवण्याची वेळ शक्यतो स्थिर ठेवणे, दिवसा भरपूर सूर्यप्रकाश व संध्याकाळनंतर मंद दिवे ठेवणे, तसेच प्रवासानंतर जेवण व झोप स्थानिक वेळेनुसार सुरू करणे यांमुळे जैविक घड्याळाला दिशा मिळते. झोपेच्या आधी मोबाइल अथवा दूरचित्रवाणी टाळावी. आजारपणात व बदलाच्या पहिल्या काही रात्री मुलाला अधिक जवळीक लागते. ती दिल्याने मूल बिघडत नाही. मूल स्थिरावल्यावर जुना क्रम हळूहळू पुन्हा सुरू करता येतो. याउलट नवे घर, पाळणाघर आणि रात्रीचे दूध सोडवणे असे अनेक बदल एकाच वेळी केल्यास व्यत्यय लांबण्याचा संभव असतो.

सुरक्षित झोप

अमेरिकी बालरोग अकादमीने १९९२ साली बाळांना पोटावर न झोपवण्याची शिफारस केली. १९९४ पासून राबवलेल्या देशव्यापी मोहिमेनंतर त्या देशातील बाळांच्या आकस्मिक मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. एरवी पाठीवर झोपणाऱ्या बाळाला एखाद्या दिवशी नव्या व्यक्तीने पालथे झोपवल्यास धोका विशेष वाढतो. त्यामुळे बाळ ज्यांच्याकडे सोपवायचे त्या प्रत्येकाला ही गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक असते.

एक वर्षापर्यंतच्या बाळाला पाठीवर, सपाट व घट्ट पृष्ठभागावर, उशी, मऊ दुलई व खेळण्यांशिवाय झोपवावे. किमान पहिले सहा महिने ते पालकांच्याच खोलीत, परंतु स्वतंत्र जागी असावे. रात्री थकव्यामुळे बाळाला घेऊन सोफ्यावर वा आरामखुर्चीत झोपी जाणे अत्यंत धोकादायक आहे. झोळीत किंवा मोटारीतील बालआसनात लहान बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वसनमार्ग दबू शकतो. म्हणून झोप लागल्यावर किंवा मुक्कामी पोहोचताच त्याला सपाट जागी ठेवावे. खोलीत धूम्रपान होऊ देऊ नये आणि बाळाला उबेच्या हेतूने अति गुंडाळू नये.

गुंगी आणणारे पदार्थ

मुलाला औषधाने झोपवण्याची प्रथा जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन कामावर जात, अशा नोंदी आढळतात. बाळाला सोबत नेण्याची वा विश्वासाने ठेवण्याची सोय नसणे, हे त्यामागील कारण होते. आज प्रवासापूर्वी सर्दी-खोकल्याचे गुंगी आणणारे औषध देण्याचा प्रकार दिसतो. त्याने श्वसन मंदावू शकते, तर काही मुले उलट अधिक अस्वस्थ होतात. क्लोरफेनिरामाइन व फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा औषधावर छापण्याचा निर्देश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. झोपेसाठी कोणतेही औषध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये.

वैद्यकीय सल्ल्याची गरज

झोपेत नियमित घोरणे, श्वास थांबल्यासारखे वाटणे, वजन न वाढणे, दूध न पिणे किंवा उठवूनही नीट जाग न येणे ही लक्षणे साध्या व्यत्ययाची नव्हेत. तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप असल्यास त्वरित वैद्यकीय तपासणी करावी. मुलाच्या जागरणामुळे आईला सतत उदास वाटत असेल किंवा बाळ शांत झोपले असतानाही तिला झोप लागत नसेल, तर तिच्यासाठीही वैद्यकीय मदत घेणे आवश्यक असते.