समज्ज, सोंग आणि चित्र

पालीच्या प्रारंभिक वर्गात अष्टशीलाचा पाठ चालू असता सुरगाणा तालुक्यातून आलेल्या एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "नच्च, गीत, वादित आणि विसूकदस्सन यांपासून विरत राहावे, असे शीलात सांगितले आहे. मग आमच्या गावचा बोहाडा आम्ही पाहावा की पाहू नये?" वर्गातील काही जण हसले. परंतु त्याचा पुढचा प्रश्न ऐकून ते हसू थांबले. तो म्हणाला, "आणि हल्ली त्याच मुखवट्यांची छायाचित्रे परदेशातील संग्रहालयांत लावतात. गावात जे अंधश्रद्धा म्हणून सोडायचे, तेच तिकडे कला कसे होते?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता आणि त्याचे उत्तर त्या दिवशी आम्ही अर्धवटच दिले. ते पूर्ण करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करीत आहोत.

प्रथम 'समज्ज' या शब्दाचा विचार करू. पाली वाङ्मयात नृत्य, गायन, वादन, आख्यान, खेळ यांसाठी जमलेल्या लोकसमुदायाला समज्ज म्हणतात. संस्कृत व शिलालेखीय प्राकृतात तोच शब्द 'समाज' या रूपाने येतो. आज आपण ज्या अर्थाने समाज म्हणतो तो अर्थ पुष्कळ नंतरचा आहे. नाशिककरांना या शब्दाचा जुना अर्थ शोधण्यास दूर जावे लागत नाही. त्रिरश्मी लेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी कोरलेल्या प्रदीर्घ लेखात, गौतमी बलश्री आपल्या पुत्राचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुणवर्णन करते. त्यात तो उत्सव व समाज करविणारा होता, असे एक विशेषण आहे. भिक्षुसंघाला लेणे दान देणाऱ्या मातेला हे विशेषण पुत्राच्या स्तुतीत घालावेसे वाटले आणि विहाराच्या भिंतीवर ते कोरण्यास कोणी हरकत घेतली नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

याच्या उलट बाजूची प्रमाणेही तितकीच स्पष्ट आहेत. राजगृहाच्या डोंगरमाथ्यावर भरणाऱ्या गिरग्गसमज्ज या जत्रेस षड्‌वर्गीय भिक्षू गेले, तेव्हा भगवंतांनी भिक्षूंना नृत्यगीत पाहण्यास जाण्याची मनाई केली, असे विनयात सांगितले आहे. अट्ठकथेनुसार उपतिस्स व कोलित या दोघा मित्रांना याच जत्रेत बसले असता संवेग उत्पन्न झाला. हेच पुढे सारिपुत्त व मोग्गल्लान म्हणून प्रसिद्ध झाले. सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलालेखात समाज भरविण्यास प्रतिबंध आहे. मात्र काही समाज राजाला साधू वाटतात, अशी पुस्ती लगेच जोडलेली आहे. ही पुस्ती आपले अभ्यासक अनेकदा विसरतात.

गृहस्थांना उद्देशून सांगितलेल्या सिगालोवादसुत्तात संपत्तिनाशाच्या सहा द्वारांत 'समज्जाभिचरण' मोजले आहे. तेथील दोषांची गणना बारकाईने वाचली तर असे दिसते की, कोठे नृत्य आहे, कोठे गीत आहे, कोठे वादन आहे, असा ध्यास घेऊन सतत भटकत राहणे हा तेथील दोष होय. नृत्यगीत पाहण्याविषयीची विरती पंचशीलात नाही. ती उपोसथाच्या अष्टशीलात व श्रामणेराच्या दशशीलात आहे. म्हणजे ती एका विशिष्ट दिवसाची किंवा विशिष्ट जीवनक्रमाची शिस्त आहे. सक्कपञ्हसुत्तात तर पंचशिख गंधर्वाने वीणेवर गाइलेले गीत ऐकून, तंतुस्वर व गीतस्वर एकमेकांशी किती जुळतात, याची भगवंतांनी प्रशंसाच केली आहे. दुसरीकडे, रंगमंचावर लोकांना हसवून नट देवलोकी जातो काय, असे विचारणाऱ्या तालपुट नटाला त्यांनी कठोर उत्तर दिले. कारण राग, द्वेष व मोह यांनी बांधलेल्या प्रेक्षकांना तो अधिकच बांधतो. सारांश, कसोटी कलेच्या प्रकाराला लावलेली नसून तिच्यामुळे चित्ताचे काय होते, याला लावलेली आहे.

आता बोहाड्याकडे वळू. नाशिकहून त्र्यंबकेश्वर, मोखाडा या मार्गाने जव्हारकडे जाताना लागणारा डोंगराळ मुलूख, तसेच पेठ, सुरगाणा हे तालुके कोकणा, वारली, महादेव कोळी आदी आदिवासी समाजांचे आहेत. येथील अनेक गावांत उन्हाळ्यात, पेरणीची धांदल सुरू होण्यापूर्वी, बोहाडा होतो. रात्री मशालींच्या उजेडात, संबळ व पिपाणीच्या तालावर एकेक 'सोंग' गावाच्या वाटेवरून नाचत येते. गणपती, सरस्वती, रावण, नरसिंह अशी सोंगे क्रमाने येतात आणि अनेक ठिकाणी शेवटी देवी महिषासुराचा वध करते. मुखवटे पूर्वी लाकडाचे असत. पुढे कागदाच्या लगद्याचे होऊ लागले. मुखवटा चढविलेला माणूस त्या वेळेपुरता गावचा शेजारी राहत नाही. म्हणूनच सोंगाला मान असतो, नियम असतात आणि भीतीही असते.

या मुखवट्यांपासून निघालेले आजचे एक काम आमच्या विद्यार्थ्याच्या मनात होते. छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१५ साली जव्हार परिसरातील मुखवटाकार बंधू सुभाष व भगवान धर्मा कडू यांच्याकडे एक निराळी मागणी केली. देवदानवांच्या ऐवजी आजच्या जगण्यातील मुखवटे करावेत, अशी ती मागणी होती. निरनिराळ्या वयांचे व भावांचे माणसांचे चेहरे, प्राणी, नित्य वापरातील वस्तू असे मुखवटे तयार झाले. गावातील स्त्रीपुरुषांनी ते चढवून आपल्याच घरात, शेतात, रस्त्यावर नित्याचे प्रसंग उभे केले आणि गिल यांनी ते टिपले. 'ॲक्ट्स ऑफ अपीअरन्स' या नावाची ही मालिका २०१७ साली जर्मनीतील कासेल येथे डॉक्युमेंटा प्रदर्शनात व २०१८ साली न्यूयॉर्कमध्ये दाखविली गेली.

याच्या आधीचे उदाहरण वारली चित्रांचे आहे व ते वाचकांना अधिक परिचित आहे. लग्नाच्या वेळी घराच्या गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. त्यात पालघट देवी असते. सवाशिणी तो लिहितात, धवलेरी गाणी म्हणते आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. चित्र, गीत व विधी अशा रीतीने एकाच कृतीची तीन अंगे असतात. तारपा वाजविणाऱ्याभोवती फेर धरून नाचणाऱ्या माणसांची जी नागमोडी रांग आज चादरींपासून चहाच्या कपांपर्यंत छापलेली दिसते, ती मूळच्या एका प्रत्यक्ष नाचाची आहे. भोपळा व बांबूच्या नळ्या यांपासून केलेल्या त्या सुषिर वाद्याचा सूर फिरेल तसा फेर फिरतो.

१९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी या मंडळींना कागद व रंग दिले आणि डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हशे यांची प्रतिभा जगापुढे आली. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार व २०११ साली पद्मश्री मिळाली. १९८९ साली पॅरिसमधील एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. २०१८ साली ते निवर्तले. त्यांच्या पुढच्या पिढीतील राजेश वांगड यांनी गौरी गिल यांच्या छायाचित्रांवर स्वतःच्या गावाच्या आठवणी व कथा रेखाटून एक नवीनच प्रकार निर्माण केला आहे.

येथे विद्यार्थ्याचा दुसरा प्रश्न उभा राहतो. भिंतीवरील चौक लग्नानंतर पुसट होत जातो. कागदावरील चित्र चौकटीत टिकते व विकले जाते. मग विधीचे चित्र झाले, तेव्हा नेमके काय बदलले?

खन्धसंयुत्तातील गद्दुलबद्धसुत्तात भगवंत भिक्षूंना 'चरण' नावाच्या चित्राची आठवण देतात. अट्ठकथेनुसार असे चित्रपट घेऊन हिंडणारे लोक कर्माचे फळ लोकांना चित्रांतून दाखवीत. आपल्याकडील पिंगुळीच्या चित्रकथीचे स्मरण व्हावे, असाच हा प्रकार आहे. ते विविध चित्र चित्तानेच कल्पिलेले असते आणि चित्त त्या चित्राहूनही अधिक विविध असते, असा तेथील उपदेशाचा आशय आहे. पाली भाषेत मन व चित्र या दोहोंसाठी 'चित्त' हाच शब्द आहे, हे त्या उपदेशातील मर्म होय. या दृष्टीने पाहता, विधीत रूढीने ठरवून दिलेली आकृती जेव्हा चित्रकार जाणीवपूर्वक हाती घेतो, तेव्हा ती आपल्या मनाने घडविली आहे, हे त्याला कळू लागते. नरसिंहाचा मुखवटा करणारे हात जेव्हा थकलेल्या शेजाऱ्याचा मुखवटा करतात, तेव्हा भीती मागे सरून निरीक्षण पुढे येते. आमच्या मते हा बदल लहान नाही.

परंतु हा बदल केवळ लाभाचा आहे, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. चौक लिहिण्याचा अधिकार सवाशिणींचा होता. कागदावर आल्यावर कीर्ती प्रामुख्याने पुरुषांना मिळाली. ज्या स्त्रियांच्या हातून ही रेषा आली, त्यांची नावे फार थोड्यांना ठाऊक आहेत. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक उपदर्शन नोंदणी मिळाली. तरीही बाजारात कोणीही कोठेही छापलेली 'वारली' नक्षी विनानाव विकली जाते. विधीत निदान कोणी लिहिले, हे गावाला माहीत असे.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात आणखी एक अडचण आहे, ती आम्ही टाळू इच्छीत नाही. गावगाड्यात सणाउत्सवांची वाजविण्याची, राबण्याची कामे काही जातींवर लादलेली होती. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर ती टाकून देणे हा मुक्तीचाच भाग होता. अशा घरांतील माणसाला संबळाचा आवाज केवळ 'लोककला' म्हणून ऐकता येत नाही, हे स्वाभाविक आहे. तथापि त्याच घरांनी गाणे सोडले नाही. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ साली जन्मलेले व २००४ साली दिवंगत झालेले वामनदादा कर्डक यांनी लोकगीताच्या चालीतून नवा विचार घरोघर नेला. टाकून दिली ती सक्ती. सूर आपल्या निवडीने पुन्हा हाती घेतला गेला. लादलेले सोंग आणि निवडलेले सोंग यांतील हा भेद बोहाड्यालाही लागू पडतो.

आता दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकत्र देता येईल. उपोसथाच्या दिवशी शील घेतले असेल तर ते पाळावे. इतर दिवशी बोहाडा पाहण्यास धम्माची आडकाठी नाही. मात्र सोंगापुढे नवस बोलणे निराळे आणि सोंग घडविणाऱ्या माणसाचे कौशल्य पाहणे निराळे. पहिल्यात भय वाढते, दुसऱ्यात समज वाढते. संग्रहालयात टांगल्यामुळे एखादी गोष्ट कला होत नाही आणि गावात नाचविल्यामुळे ती अंधश्रद्धाही होत नाही. पाहणाऱ्याचे व करणाऱ्याचे चित्त तेथे कसे काम करते, हे दोन्ही ठिकाणी तपासावे लागते.

जाता जाता एक सूचना. त्रिरश्मी येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धंभिक गावाच्या दानाचा लेख आहे. कार्ले येथील चैत्याच्या दारावर तर धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे, ते दार करणारा म्हणून, नाव कोरलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लोकांना, ज्याने केले त्याचे नाव लिहावे, एवढी साधी गोष्ट कळत होती. आपल्या विहारात, शाळेत वा घरात असे एखादे चित्र किंवा मुखवटा आणला, तर करणाऱ्याचे व त्याच्या गावाचे नाव विचारून ते खाली लिहावे. त्या विद्यार्थ्याने सुट्टीवरून परत येताना आपल्या गावच्या मुखवटाकारांची नावे वहीत उतरवून आणली. त्यांत दोन स्त्रियांची नावे होती. लगदा कुटून तो साच्यावर चढविण्याचे काम त्या करतात, हे त्यालाही तोवर माहीत नव्हते.