‘तावळा’ ते कावळा

‘स्पीच लावलीय’ असं हल्ली शाळेच्या फाटकापाशी आया एकमेकींना सांगतात, शिकवणी लावावी त्याच सुरात. आठवड्यातून एकदा पाऊण तास, आणि परतताना वहीत दहा शब्दांची यादी. त्या यादीचं घरी काय होतं, यावर मुलाचं बोलणं सुधारणार की नाही हे बरंचसं ठरतं, आणि नेमकं त्याबद्दलच कोणी फारसं बोलत नाही.

शाळेतच वाचा-उपचार मिळणं ही मुळात अमेरिकेतली पद्धत. १९७५ च्या कायद्याने तिथे विकलांग मुलांच्या शिक्षणाची आणि त्यासाठी लागणाऱ्या उपचारांची जबाबदारी सरकारी शाळांवर टाकली, म्हणून स्पीच थेरपिस्ट शाळेतच बसतो. आपल्याकडे कागदावर तरतुदी कमी नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत वाचा-भाषा दोष आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ साली पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत मुलं तपासतात आणि गरज असेल त्यांना जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक शाळांतून फिरतात. पण तपासणारे आणि उपचार करणारे यांच्या संख्येत मोठं अंतर आहे. वांद्र्याची अली यावर जंग संस्था, नायर रुग्णालय, पुण्याचं भारती विद्यापीठ अशी नावं चटकन आठवतात ती सगळी शहरांतली. तालुक्याच्या मुलाला महिन्यातून एखादी भेट मिळाली तरी खूप. उरलेल्या दिवसांत थेरपिस्ट म्हणजे आई, आजी किंवा ताई.

त्याआधी एक गोष्ट, जी घाईत राहून जाते: कानाची तपासणी. सततच्या सर्दीने मधल्या कानात द्रव साचला असेल तर मूल हाक मारल्यावर वळतं, टीव्हीही ऐकतं, पण त्याला आवाज अस्पष्ट ऐकू येतात. आणि जे नीट ऐकू येत नाही ते नीट बोलता कसं येणार? ‘त्याचा बापही उशिराच बोलला’ म्हणत वेखंड चाटवण्यात आणि पोपटाने उष्टावलेला पेरू शोधण्यात वर्षं जातात. चार वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसालाही बहुतांशी कळायला हवं. ‘र’ मात्र अनेकांना उशिराच येतो. राजूला ‘लाजू’ म्हटलं म्हणून लगेच घायकुतीला यायचं कारण नाही.

उच्चार शिकवण्याची आज चालणारी बरीचशी पद्धत चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकी तज्ज्ञाच्या १९३९ च्या ग्रंथापर्यंत मागे जाते. आधी आवाज ओळखायचा, मग तो सुटा काढायचा, मग अक्षरात, शब्दात, वाक्यात आणि शेवटी गप्पांत. घरचा सराव फसतो तो इथेच. मुलाला सुटा ‘क’ अजून जमत नसताना आई ‘काका कामावर गेले’ म्हणून घेते, आणि मूल पन्नास वेळा ‘ताता तामावर’ म्हणून चुकीचाच उच्चार पक्का करतं. नवा आवाज बसवायचं काम थेरपिस्टचं. तिथे जो शब्द दहापैकी आठ वेळा बरोबर येतो, तोच घरी आणावा.

नवा आवाज बसवतात कसा, हे पाहण्यासारखं असतं. ‘क’ला जिभेचा मागचा भाग वर जायला हवा, आणि मूल तर शेंडाच पुढे आणतं. मग त्याला पाठीवर झोपवतात, म्हणजे जीभ आपल्याच वजनाने मागे सरकते. गुळण्या करायला लावतात. तरीही जमेना तर चमच्याच्या दांड्याने जिभेचा शेंडा खाली अलगद दाबून धरतात आणि ‘ता’ म्हणायला सांगतात. शेंडाच अडकलेला, तेव्हा नाइलाजाने ‘का’ निघतो. मूल स्वतःच दचकतं. बालवाडीच्या भिंतीवरचा तक्ता इथे उपयोगी पडतो: कवर्ग घशाकडचा, चवर्ग टाळूचा, टवर्ग जीभ वळवून, तवर्ग दातांशी, पवर्ग ओठांचा. आपल्या जुन्या व्याकरणकारांनी अक्षरं तोंडातल्या जागांप्रमाणेच लावून ठेवली आहेत. मुलं मात्र साधारण उलटीकडून शिकतात, ओठांपासून. म्हणून आधी मामा, बाबा, आणि ‘काका’ मागाहून.

हाताने कळणाऱ्या खुणाही पुष्कळ. तोंडासमोर कागदाची पट्टी धरली तर ‘प’ला ती जेमतेम हलते, ‘फ’ला जोरात उडते. गळ्यावर बोटं ठेवली की ‘त’ आणि ‘द’ यांतला फरक बोटांना समजतो. टाळूला शस्त्रक्रिया झालेल्या मुलाच्या नाकाखाली आरसा धरून ‘पापा’ म्हणवलं आणि आरशावर वाफ धरली, तर हवा नाकातून निसटतेय हे मुलालाही दिसतं.

सरावासाठी साहित्य विकत आणावं लागत नाही. मंडईच्या पिशवीत ‘क’ भरलेला असतो: कांदा, कोबी, काकडी, कारलं, कैरी, कढीपत्ता, कोथिंबीर. मटार सोलायला बसलं की शब्द बरोबर आला तर दाणा वाटीत, चुकला तर दाणा आईच्या तोंडात. ‘ळ’ मराठीत शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, म्हणून तो डाळ, गूळ, तीळ, नारळ, आवळा यांतच शोधावा लागतो, आणि हे सगळं स्वयंपाकघरात हजर. पण मटार हे निमित्त. अर्ध्या तासात चिकणमातीचा सुरेख हत्ती झाला आणि ‘ह’ चार वेळा निघाला, तर तो हस्तकलेचा तास झाला. हातातली वस्तू अशी हवी की पाच मिनिटांत तीस-चाळीस उच्चार सहज व्हावेत: चिंचोके, सागरगोटे, सापशिडीची प्रत्येक उडी. रविवारी तासभर बसवण्यापेक्षा रोजची पाच-सात मिनिटं केव्हाही बरी.

मला सर्वांत आवडतो तो शब्दांच्या जोड्यांचा खेळ. समोर खेळण्यातली कार आणि तारेचा तुकडा ठेवायचा. मूल ‘तार दे’ म्हणतं, आपण निमूटपणे तार द्यायची. ते चिडतं, पुन्हा मागतं, पुन्हा तारच मिळते. उच्चार बदलला की अर्थ बदलतो, हे सांगायला वेगळा धडा लागत नाही. काप-ताप, रस-लस, शाल-साल, वेळ-वेल; मराठीत अशा जोड्यांना तोटा नाही.

उलट पुंगी वाजवणं, फुगे फुगवणं, जीभ नाकाला लावणं हे ‘जिभेचे व्यायाम’ अजून सर्रास दिले जातात. यांनी उच्चार सुधारतात, याला भक्कम पुरावा नाही. बोलायला ताकद थोडीच लागते. लागतो तो नेमका मेळ, आणि तो बोलूनच येतो. पुंगी वाजवून मूल पुंगीत तरबेज होतं, इतकंच.

तोतरेपणाची गोष्ट निराळी. सिडनीत तयार झालेल्या लिडकोम पद्धतीत उपचार देतात ते पालकच, थेरपिस्टच्या देखरेखीखाली. अडखळल्यावर टोकणं क्वचित, आणि सरळ आलेल्या वाक्याचं कौतुक त्याच्या कितीतरी पट. आपल्याकडे दिवसभर ‘थांब, सावकाश बोल’ चालतं, कौतुक मात्र आठवत नाही. बोलायलाच उशीर असलेल्या मुलाशी प्रश्नांची सरबत्ती टाळावी. ‘हे काय? सांग ना!’ याऐवजी डबा त्याच्या हाती द्यावा, झाकण घट्ट लावलेलं, आणि मनात दहापर्यंत मोजत गप्प बसावं. हे गप्प बसणं घरच्यांना सर्वांत जड जातं. शाळा इंग्रजी माध्यमाची म्हणून घरातली मराठी बंद करण्याचा सल्लाही ऐकू नये; दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही, मराठी बंद केली तर आजीशी बोलणं मात्र तुटतं. न बोलणाऱ्या मुलांसाठी आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे चित्रांवर बोट ठेवून बोलायचं ॲप मराठीतही आहे. चित्रं दिली तर मूल बोलायचं टाळेल, ही भीती अनाठायी आहे.

दिवाळीच्या सुट्टीत थेरपी थांबते आणि पालक हवालदिल होतात. पण करंजी, कडबोळी, कंदील, किल्ला या चार शब्दांवरच आठवडा निघतो. सुट्टीनंतरच्या भेटीला वहीसोबत फोनवर मिनिटभराचं रेकॉर्डिंग न्यावं: किल्ल्यावर मावळे कोणी मांडायचे यावरून मूल भावाशी भांडतंय, ते. थेरपिस्टसमोर बहुतेक मुलं जपूनच बोलतात. भांडताना ‘क’ टिकला, की पुढचा आवाज घ्यायला हरकत नाही.