थंडीतील दुचाकी आणि टायरची पकड

वसंतातील व्याख्यानात थंडीचा विषय काढणे काहीसे विपरीत वाटेल. परंतु ज्या ऋतूची तयारी करावयाची, त्याचा विचार तो येण्यापूर्वीच करावा हा शेतकऱ्याचा नियम आहे. पाऊस सुरू झाल्यावर तो नांगर शोधीत बसत नाही. शिवाय हा विषय चैनीचा नाही. पहाटे दुधाचे कॅन लावून निघणारा गवळी, पहिल्या पाळीचा कामगार, लांबच्या खेड्यातील शाळा गाठणारा शिक्षक या सर्वांचे वाहन दुचाकी हेच आहे, आणि मार्गशीर्ष-पौषात त्यांची निघण्याची वेळ दिवसातील सर्वांत थंड वेळ असते. यास्तव थंडीत रबर कसे वागते आणि त्या रबराच्या भरवशावर बसलेल्या माणसाने कसे वागावे, एवढेच आम्ही येथे मांडणार आहोत.

प्रथम एक साधा हिशेब करू. गाडी आणि स्वार मिळून वजन २०० किलो धरले आणि टायरांत ३० पौंड हवा धरली, तर तो दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो होतो. वजनास दाबाने भागले असता दोन्ही चाकांचा मिळून रस्त्यास होणारा स्पर्श जेमतेम ९५ चौरस सेंटिमीटर भरतो. हा हिशेब ढोबळ आहे; तथापि एका चाकाच्या वाट्याला तळहाताहूनही लहान जागा येते, हे त्यावरून कळते. गाडीचे वेग घेणे, थांबणे आणि वळणे या तिन्ही क्रिया एवढ्याशा जागेवर चालतात.

ही जागा रस्ता धरते कशी? लाकूड लाकडावर घासते तसे हे घर्षण नव्हे. वरून गुळगुळीत दिसणारा डांबरी रस्ता वस्तुतः बारीक खडीच्या टोकांनी भरलेला असतो. वजनाखाली रबर त्या टोकांभोवती दबते, खळग्यांत शिरते आणि तेथून सावकाश पूर्ववत होते. या दबण्या-फुगण्यात शक्ती खर्च होऊन तिची उष्णता बनते, आणि या खर्चातूनच पकडीचा एक भाग येतो. दुसरा भाग रबराचे कण रस्त्याच्या कणांस क्षणभर चिकटतात त्यातून येतो. दोन्हींसाठी रबर मऊ असावे लागते, आणि नेमके हेच थंडीत कमी होते. तापमान उतरू लागले की रबराच्या लांब साखळ्यांची हालचाल मंदावते, ते ताठर होते आणि खळग्यांत नीट शिरत नाही.

या ताठरपणाची किंमत जगाने एकदा फार मोठी मोजली आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि त्यातील सातही जण मृत्यू पावले. त्या सकाळी फ्लोरिडात कडाक्याची थंडी होती. पुढे चौकशीच्या बैठकीत रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने सांध्यात वापरल्या जाणाऱ्या रबरी कड्याचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात धरला. बाहेर काढून चिमटा सोडल्यावर तो तुकडा लगेच पूर्ववत झाला नाही. टायर आणि ते कडे यांचे रबर एक नव्हे. परंतु थंड रबर आपले काम उशिरा करते हा धडा दोन्हींस लागू आहे.

मात्र येथे अतिशयोक्ती नको. आमच्याकडे निफाडला किंवा महाबळेश्वरला पारा पुष्कळ खाली उतरला, तरी रोजच्या वापराचे टायर त्या थंडीत काचेसारखे कडक होत नाहीत. त्यांची पकड कमी होते, नाहीशी होत नाही. शर्यतीचे टायर वेगळे. ते तापल्यावाचून कामच करीत नाहीत, म्हणून त्यांस आधी विजेची पांघरुणे घालून ऊब देतात. रस्त्यावरील टायर चालता चालता तापतो. त्यासाठी पहिले दहा-पंधरा मिनिटे बेताने चालवावे. गाडी नागमोडी नेऊन टायर तापवण्याची काही तरुणांची रीत निरुपयोगी तर आहेच, पण थंड टायरवर ती धोक्याचीही आहे.

दुसरी गोष्ट हवेची. तापमान उतरले की बंद टायरातील हवेचा दाब उतरतो. दुपारी ३० अंश सेल्सिअसला मोजून ३० पौंड भरलेली हवा पहाटे ५ अंशांवर सुमारे २६ पौंडांवर येते. टायर पंक्चर नाही, कोणी हवा सोडलेली नाही, तरी चार पौंड कमी. अशा टायराने गाडी वळणावर डगमगते. गाडी दूरवरून चालवून आणून तापलेल्या टायरात हवा भरली, तर सकाळची तूट आणखी वाढते. म्हणून निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, कंपनीने सांगितलेल्या आकड्याइतकी हवा असावी. हवा कमी ठेवली म्हणजे पकड वाढते, ही समजूत साध्या रस्त्यावर सोडून द्यावी.

तिसरी गोष्ट रस्त्याची, आणि आमच्या मते महाराष्ट्रात खरा धोका येथेच आहे. पहाटेचे दव धुळीवर पडले की तिचा पातळ लेप होतो. त्यात ट्रकमधून गळालेले डिझेल, शेतातून निघालेल्या चाकांची माती आणि गळिताच्या हंगामात उसाचे पाचट यांची भर पडते. जोडीला धुके, आणि धुक्यात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली. कोरड्या रस्त्यावर पकडीचा गुणांक ०.८ धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगातील गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे १८ मीटरांत थांबते. तो ०.५ वर आला की २८ मीटर लागतात. ब्रेकपर्यंत हात पोचण्यास एक सेकंद लागला, तर त्या सेकंदात आणखी १७ मीटर जातात. ज्यास धुक्यात ३० मीटरांपलीकडचे दिसत नाही, त्याने ६० च्या वेगाने जाणे म्हणजे न दिसणाऱ्या ट्रॉलीवर जाऊन आदळण्याचे आधीच ठरवणे होय. वेग ४० केला, तर त्याच ओलसर रस्त्यावर सगळे मिळून सुमारे २४ मीटरांत भागते.

त्या एका सेकंदाचा भरवसाही थंडीत नसतो. हवा १० अंशांची असली, तरी ६० च्या वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या कातडीस ती ५ अंशांसारखी भासते. बधिर बोटांना ब्रेकचा दाब कळत नाही. ती उशिरा आवळतात आणि मग एकदम आवळतात. म्हणून हातमोजे ही हौस नव्हे, तो ब्रेकचाच एक भाग आहे.

ब्रेकची रीतही समजून घ्यावी. ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर सरकतो, त्यामुळे पुढचा ब्रेकच अधिक काम करतो. पण भार सरकण्यास थोडा अवधी द्यावा लागतो. प्रथम हलके, मग वाढत्या दाबाने आवळावे. पकडीची शिल्लक एकच असते. ती वळणात खर्च केली तर ब्रेकसाठी उरत नाही. म्हणून वेग सरळ रस्त्यावर कमी करावा आणि मग वळावे. १ एप्रिल २०१९ पासून भारतात १२५ सीसीवरील नव्या दुचाकींस एबीएस सक्तीचे झाले. ते चाक अडकू देत नाही हे खरे, पण नसलेली पकड ते निर्माण करू शकत नाही.

बर्फाची गोष्ट निराळी. लडाख-लाहौलच्या वाटेवर मराठी तरुण हौसेने जातात. तेथे सावलीतील वळणांवर आणि पुलांवर डांबराच्याच रंगाचा पातळ बर्फ असतो. त्यावर गुणांक ०.१ च्या आसपास येतो, म्हणजे ६० च्या वेगातून थांबण्यास १४० मीटर. चारचाकी तेथे घसरते, दुचाकी पडते. अशा ठिकाणी ऊन येईपर्यंत थांबणे हेच कौशल्य.

शेवटी टायर विकत घेताना त्याच्या बाजूवरील चार आकडे पाहावेत. ३५२३ याचा अर्थ २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. खाचा शाबूत असल्या तरी जुने रबर ताठर होतेच, आणि खाचा झिजून गोटा झालेला टायर ओल्या रस्त्यावर पाणी बाजूस सारू शकत नाही. नव्या टायराचा खर्च घरखर्चात जड जातो, हे आम्ही जाणतो. परंतु दिवाळीच्या खरेदीची यादी करताना कपड्यांच्या आधी टायर, हातमोजे आणि मागचा दिवा यांची नावे लिहावीत. पहाटे घराबाहेर पडणारा माणूस संध्याकाळी सुखरूप परतणे, ही त्या घराची सर्वांत मोठी कमाई आहे.