मोठा फ्यूज, रुंद टायर, घट्ट चेन

जुलैच्या पावसात आंबा घाट उतरत होते तेव्हा आधी वास आला, जळक्या प्लास्टिकचा. मग टाकीच्या पुढच्या टोकाखालून बारीक धूर दिसला. गाडी हिमालयन, ४११ सीसीची, आणि तिच्यावर मी स्वतः बसवलेले दोन एलईडी फॉगलाइट. गाडी बंद केली, बॅटरीची वायर सोडवली आणि टेम्पोत घालून साखरप्याला आणली. तिथल्या गॅरेजवाल्या काकांनी टाकी उचलली, वायरचा काळा पडलेला तुकडा बोटांत धरला आणि विचारलं, "ताई, फ्यूज कितीचा टाकलाय?"

"तीसचा. दहाचा सारखा उडत होता."

"तो उडत होता म्हणून तर वायर शाबूत होती."

फ्यूज लाइटला वाचवतो, असं मला तोवर वाटत होतं, आणि बहुतेकांना तसंच वाटतं. पण फ्यूज असतो वायरसाठी. हिशेब सोपा आहे. ४० वॅटचे दोन दिवे म्हणजे ८० वॅट. १२ व्होल्टने भागलं तर पावणेसात अँपिअरच्या आत. त्याला १० अँपिअरचा फ्यूज पुरेसा. तरीही तो उडत असेल तर वायर कुठेतरी चेसिसला लागते आहे. मी हँडलच्या मानेपाशी वायर केबलटायने करकचून बांधली होती. हँडल वळलं की ती ओढली जायची, फ्रेमच्या कडेवर घासायची. महिनाभरात वरचं आवरण गेलं आणि तांबं उघडं पडलं. दहाच्या फ्यूजने ते दोनदा सांगितलं होतं. तीसचा टाकल्यावर फ्यूजच्या जागी वायर जळली.

आता बसवताना फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हच्या अगदी जवळ ठेवते, म्हणजे पुढची सगळी वायर त्याच्या राखणीत येते. दिव्याचा करंट हँडलवरच्या स्विचमधून जाऊ देत नाही, त्यासाठी रिले. त्याचे चार पाय: ३० ला बॅटरीकडून येणारी वायर, ८७ ला दिवा, ८५ आणि ८६ ही कॉइल. स्विच फक्त कॉइल चालवतो, आणि कॉइलला वीज किल्लीनंतरच्या वायरवरून द्यायची, म्हणजे किल्ली काढली की दिवे बंद. हे महत्त्वाचं, कारण या गाडीची बॅटरी ८ अँपिअर-अवरची आहे. इंजिन बंद असताना दिवे राहिले तर सव्वा तासात ती रिकामी. मानेपाशी वायरला झोल ठेवायचा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायचं.

टूरच्या गाडीबद्दलचे किती तरी गैरसमज याच एका मुळातून येतात: आहे त्यापेक्षा जास्त म्हणजे चांगलं. कारखान्याने एखादा आकडा ठरवला तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना काय होतं ते तपासलेलं असतं, आणि तो मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. सीटखाली नाहीतर घरच्या कपाटात पडून असलेलं ते पुस्तक आपण उघडतच नाही.

चेनचंच घ्या. ढिली दिसली की आवळायची, जितकी ताठ तितका पिकअप चांगला, असं सर्रास ऐकू येतं. पण मोकळ्या उभ्या गाडीची चेन आणि दोघं बसून, सामान बांधून खड्ड्यात आदळणाऱ्या गाडीची चेन यांत फरक आहे. मागचं चाक वर-खाली होतं ते स्विंगआर्मच्या खिळीभोवती. पुढचं स्प्रॉकेट, ती खीळ आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की दोन स्प्रॉकेटांमधलं अंतर सर्वांत जास्त होतं. त्या क्षणाला चेनमध्ये झोल उरला नसेल तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि त्याच्या बेअरिंगवर येतो. म्हणून झोल हा दोष नाही, तो मुद्दाम ठेवलेला असतो. बऱ्याच गाड्यांना तो साधारण २५ ते ३५ मिलिमीटर असतो, लांब सस्पेन्शनच्या गाड्यांना थोडा जास्त. नेमका आकडा मॅन्युअलचाच घ्यावा. आणि तो एकाच जागी मोजून भागत नाही. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, तेव्हा चाक थोडं थोडं फिरवत सगळ्यात घट्ट जागा शोधायची आणि तिथे मोजायचं.

चेन धुण्याचंही तसंच. ओ-रिंगच्या चेनमध्ये पिन आणि बुशच्या मध्ये ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं आणि रबराच्या बारीक रिंगा ते आत धरून ठेवतात. पेट्रोल आणि तारेचा ब्रश या रिंगांची वाट लावतात. बाहेरून चेन चकचकीत दिसते, आतून कोरडी होते. रॉकेल, मऊ ब्रश, मग कोरडं फडकं, एवढं पुरे. ल्यूब प्रवास संपल्यावर, चेन गरम असताना आतल्या बाजूने मारायचं, म्हणजे रात्रभर मुरतं. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते: इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं कधीही लावू नका. फडकं स्प्रॉकेटमध्ये जातं आणि बोटं त्याच्या मागोमाग जातात. चाक हातानेच फिरवा.

घरी ऑइल बदलणाऱ्याची पहिली चूक ड्रेन बोल्टवर होते. ऑइल गळू नये म्हणून तो अंगातला सगळा जोर लावून आवळला जातो. बोल्ट पोलादाचा, इंजिनचं कव्हर ॲल्युमिनियमचं. आटे जातात ते कव्हरचे. गळती थांबवतो तो वायसर, त्यामुळे दर वेळी नवा वायसर टाकायचा आणि बोल्ट ठरलेल्या न्यूटन-मीटरला आवळायचा. त्यासाठी टॉर्क पाना लागतो. हाताला अंदाज असतो म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की पान्याची लांबी दुप्पट झाली तर तेवढ्याच जोरात दुप्पट पीळ बसतो, आणि हाताला लांबी कळत नाही.

ऑइल काळं पडलं म्हणजे खराब झालं, हाही समज जुना आहे. इंजिनातली काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे, ते काळं होणारच. बदलायचं ते किलोमीटर आणि महिने बघून. मात्र कारचं महागडं ऑइल मोटरसायकलला चालत नाही. आपल्या बहुतेक गाड्यांचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमधली घर्षण कमी करणारी द्रव्यं क्लच घसरवतात. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघा, आणि ग्रेड मॅन्युअलमधली.

ब्रेक ऑइलची डबी कमी दिसली की लोक भरून टाकतात. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतो आणि पातळी खाली येते. म्हणजे ती आधी पॅड बघायला सांगते आहे. शिवाय डॉट ४ हवेतलं पाणी शोषतं. नवं असताना ते २३० अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे, पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. घाट उतरताना सतत ब्रेक धरला, ऑइल उकळलं, वाफ झाली की लिव्हर हँडलला टेकतो आणि गाडी थांबत नाही. गाडी फार फिरली नसली तरी दोन वर्षांनी ते बदलावं.

रुंद टायर लावला की रस्त्याला जास्त धरतो, असं वाटणं साहजिक आहे. हिमालयनचा मागचा टायर १२०/९०-१७. १२० ही मिलिमीटरमधली रुंदी, ९० म्हणजे उंची रुंदीच्या नव्वद टक्के. त्याच रिमवर १४० चा चढवला तर त्याच्या कडा आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो आणि टायर मध्यावरच घासत जातो. गाडी वळायला जड होते, कधी टायर चेनला लागतो. त्यापेक्षा टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. २३२२ म्हणजे २०२२ च्या २३व्या आठवड्यात बनलेला. नायट्रोजनबद्दल एवढंच: साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. हवेचा दाब टायर थंड असताना, आठवड्याला एकदा बघणं याचा उपयोग जास्त.

सायलेन्सर बदलून ताकद वाढत नाही, आवाज वाढतो. बीएस६ गाडीत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एक्झॉस्टमध्येच असतो. तो काढला तर धूर आपल्या मागच्याच्या नाकात जातो. कायद्याबद्दलही गैरसमज आहे, की आरसी बुकात रंग बदलून घेतला की बाकी सगळं चालतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेपासून गाडी वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हौसेने घेतलेल्या सायलेन्सरवर रोड रोलर फिरलेला आपण पेपरात पाहिलाय. मला त्या कारवाईचं वाईट वाटत नाही. रात्री अकराला हॉस्पिटलसमोरून फटाके फोडत जाण्यात कुठलीच हौस नाही.

लडाखला निघालेले विचारतात, वर चढून इंजिनाचा दम गेला तर कोणाकडे दाखवायचं? खारदुंग ला सुमारे ५,३५९ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. इंजिनाला श्वास कमी मिळतो, ताकद कमी होणारच. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल मात्र हवेच्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून ती काळा धूर सोडते. फ्यूएल इंजेक्शनमध्ये सेन्सर दाब वाचून पेट्रोल कमी करतो. त्यामुळे तिथे काही उघडू नका, खालच्या गिअरमध्ये चढवा.

सामान जितकं मागे तितकी बसायला जागा, असं समजून कॅरिअरच्या टोकाला बोजा बांधला जातो. मग पुढचं चाक हलकं होतं, हँडल डुलतं आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतो. जड वस्तू खाली आणि गाडीच्या मध्याजवळ बांधायच्या, सस्पेन्शनचा प्रीलोड वाढवायचा आणि हेडलाइट पुन्हा खाली घ्यायचा.

निघायच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करणारे बरेच आहेत. गाडी ताजी असावी, ही भावना खरी आहे. पण उघडून पुन्हा बसवलेली गोष्ट चुकीची बसली असेल तर ते पहिल्या दीडशे-दोनशे किलोमीटरमध्ये कळतं, आणि ते घराजवळ कळलेलं बरं. मी आठ-दहा दिवस आधी काम उरकते आणि पूर्ण सामान बांधून एक दिवस कोल्हापूर-गगनबावडा फेरी मारते. परतल्यावर एक्सल, ब्रेक कॅलिपर, हँडल आणि कॅरिअरच्या प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या पेंटने बोल्टपासून फ्रेमपर्यंत एक सरळ रेघ ओढते. बोल्ट हलला की रेघ तुटते. मुक्कामाला पोचल्यावर टॉर्च घेऊन सगळ्या रेघा बघायला पाच मिनिटं लागतात. गेल्या दिवाळीत मालवणला कॅरिअरच्या डाव्या बोल्टची रेघ तुटलेली दिसली, अर्धा फेरा सुटला होता. तेरा नंबरचा पाना वरच्या कप्प्यातच होता.