योनिभ्रंशाचे शस्त्रकर्म आणि त्यानंतरचा हंगाम

दसरा जवळ आला की धारूर, वडवणी, केज, पाटोदा या बालाघाटच्या पट्ट्यातील वैद्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : "ऑपरेशनला दीड महिना झाला, आता तोडीला जाऊ का?" रुग्णेच्या नवऱ्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पती-पत्नी मिळून एक कोयता. त्यातील एक जण मागे राहिला तर कोयता मोडतो, आणि कामावर एक दिवस चुकला तरी खाडा भरावा लागतो. या प्रश्नाचे उत्तर ग्रंथाधारे देणे सोपे आहे; रुग्णेकडून ते पाळले जाणे कठीण.

२०१९ साली आपला जिल्हा देशभर गाजला. शासनाने नेमलेल्या समितीच्या काळात झालेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यांतील अनेकींना श्वेतप्रदर व ओटीपोटातील वेदना एवढीच तक्रार होती. त्या प्रकरणानंतर खासगी रुग्णालयांतील अशा शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. तथापि 'अंग बाहेर येणे' ही व्याधी खरी आहे. वारंवार प्रसूती, सूतिकाकाळात विश्रांतीचा अभाव आणि तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणे, ही तिची कारणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. सुश्रुतोक्त प्रस्रंसिनी वा चरकोक्त महायोनि शिकताना आपण अपानवायूची दुष्टी पाठ केली. मोळीचे वजन मात्र कुणी शिकवले नाही.

गर्भाशय काढल्याने सैल झालेला आधार आपोआप घट्ट होत नाही, हे रुग्णेला व तिच्या सासूलाही स्पष्ट सांगावे. बाहेरचे टाके विरघळले म्हणजे आतील व्रण बळकट झाला असे नव्हे. पहिले सहा आठवडे पाण्याची भरलेली कळशीही उचलू नये, मैथुन वर्ज्य. चालणे मात्र पहिल्या दिवसांपासून हवे. अंथरुणाला खिळून राहिल्यास पोटरीच्या शिरेत रक्त गोठण्याचा धोका असतो. अंथरुणातून उठताना कुशीवर वळून हाताचा आधार घ्यावा. तीन महिन्यांपर्यंत जड काम टाळावे, आणि मोळी तर त्यानंतरही पुन्हा डोक्यावर न घेतलेलीच बरी.

मलावष्टंभ हा या काळातील मोठा शत्रू. लोहाच्या गोळ्यांनी तो वाढतो. कुंथण्याचा प्रत्येक प्रसंग टाक्यांवर ताण आणतो, म्हणून इसबगोल, रात्री त्रिफळा, भरपूर कोमट पाणी असा मृदु अनुलोमनाचा मार्ग धरावा. जहाल रेचक नको. जुना कास असल्यास त्याची चिकित्सा आधी. सर्जनची अनुमती मिळाल्यावर श्रोणितलाचे आकुंचन शिकवावे : अधोवायू रोखल्याप्रमाणे आतील स्नायू आवळून पाच अंक मोजावेत व सैल सोडावेत, दहा वेळा, दिवसातून तीनदा.

योनिपिचू, योनिधावन, उत्तरबस्ति यांची घाई आपल्यातील काही जण करतात. सर्जनने व्रण रुजल्याची खात्री केल्याखेरीज यांतील काहीही करू नये. शतावरी, अश्वगंधा अवश्य द्यावी, पण त्यांनी अंग पुन्हा जागेवर बसते असे सांगून विकू नये. औषधी दुकानदार बंधूंनाही विनंती : हंगामापूर्वी वेदनाशामकांच्या पट्ट्या मागणाऱ्या बाईला ऑपरेशन कधी झाले, एवढे विचारा. ताप, दुर्गंधी स्राव, घडी भिजवणारे रक्त, मूत्र अडणे वा सतत गळणे, एका पोटरीची सूज, धाप यांपैकी काही असेल तर काढा वा चूर्ण न देता तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका रुग्णेला मी 'विश्रांती घ्या' एवढेच म्हटले होते. उचलीविषयी विचारले नाही. ती सातव्या आठवड्यात कारखान्यावर गेली आणि चैत्रात परत आली तेव्हा योनीची पुढची भिंत पुन्हा उतरली होती. दुसरे शस्त्रकर्म तिने नाकारले. आधारासाठी रिंग बसवून घेतली.

आता मी रुग्णेसोबत नवऱ्यालाही बसवते. कोयता पूर्ण राहावा म्हणून दीर, भाऊ असा कुणी जोडीदार मिळतो का, निदान वाढे बांधण्यापुरते हलके काम तिला देता येईल का, हे दसऱ्याआधी ठरवायला लावते. केसपेपरवर शस्त्रकर्माची तारीख आणि ओझे न उचलण्याची मुदत ठळक मराठीत लिहून देते. मुकादमाला दाखवायला तो कागद लागतो.