भयकथेतील भीती कशाची?

कामगार संघटनेत उभी हयात घालविलेल्या माणसाने भयकथेवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण तामलवाडीत असताना नारायण धारपांनी (१९२५–२००८) मला हा नाद लावला आणि तो काही सुटला नाही.

साध्या भूतकथेतले भूत सूड घेते. म्हणजे निदान त्याला आपली ओळख तरी असते! अमेरिकन लेखक लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) याची भीती निराळी. या अफाट विश्वात माणसाहून प्राचीन अशा शक्ती आहेत आणि माणूस त्यांच्या खिजगणतीतही नाही. धारपांनी या जातीची भीती मराठी घरात आणली. मात्र तारणारा ‘समर्थ’ही सोबत दिला.

लव्हक्राफ्ट वाचताना मला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. किल्लारी-सास्तूरकडे हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. भूमीला कोणाचाही राग नव्हता. कोणी समर्थ आला नाही. ढिगारे उपसले ते माणसांनीच.

लव्हक्राफ्टच्या मनात परवंशीयांविषयी तिरस्कार होता. तो आपण टाकून द्यावा. पण आपली कल्पित दैवते त्याने मित्रलेखकांना खुशाल वापरू दिली. त्यांतून पुढे कितीतरी कथा झाल्या, १९८१ साली खेळही निघाला. इकडे धारपांच्या कथेची प्रेरणा ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटामागे आहे.

भीती एकट्याने बाळगली तर माणूस गोठतो; दहाजणांत सांगितली की तिचे ओझे वाटले जाते. संघटनेत तरी मी याहून वेगळे काय शिकलो?